शोरूममधलं फायनान्स आणि इन्शुरन्सचं टेबल: खान्देशातून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या मुलामुलींचे फोन येतात: 'गाडीच्या शोरूममध्ये फायनान्स मॅनेजरची जागा निघालीय, घेऊ का?' या फोनवर जे पुन्हा पुन्हा विचारलं जातं ते इथे एकत्र केलं आहे. लिहिलं नोकरी करणाऱ्यांसाठी आहे. गाडी घेणाऱ्याने वाचलं तर टेबलाच्या पलीकडे काय चालतं ते त्यालाही कळेल, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही.

हे काम नक्की काय असतं?

सेल्सवाला गाडी पसंत करून देतो. मग 'पैशाचं कसं करायचं?' इथे गोष्ट आली की गिऱ्हाईक तुमच्या टेबलावर येतं. कर्ज कुठल्या बँकेचं, किती, किती वर्षांचं, विमा कोणता, बदल्यात जुनी गाडी देत असेल तर तिच्यावरचा बोजा उतरला आहे का, आरटीओत कुठले फॉर्म जातील, हे सगळं तुम्ही बघायचं. गाडी यार्डातून गेली आणि बँकेचे पैसे डीलरच्या खात्यात पडले नाहीत, तर मालक आधी तुम्हालाच आत बोलावतो.

खान्देशात या कामाचं खरं कसब एका गोष्टीत आहे असं मला वाटतं. बँकेचा हप्ता दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला कटतो. इथल्या बऱ्याच घरांत पैसा मात्र महिन्याने येत नाही. कापूस वेचून विकल्यावर येतो, केळीची गाडी भरल्यावर येतो, ठेकेदाराचं बिल निघाल्यावर येतो. या दोन वेळापत्रकांची गाठ ज्याला घालता येते तो या टेबलावर टिकतो.

फायनान्स आणि इन्शुरन्स एकच माणूस बघतो का?

मोठ्या शहरातल्या शोरूममध्ये दोन वेगळी टेबलं असतात, शिवाय दोन-तीन बँकांची माणसं तिथेच बसलेली असतात. तालुक्याच्या गावातल्या शाखेत, म्हणजे चोपडा, शहादा किंवा अमळनेरसारख्या ठिकाणी, बहुधा एकच जण दोन्ही बघतो आणि आरटीओच्या फायलीही त्याच्याच टेबलावर येऊन पडतात. सुरुवात करायला मला ही छोटी जागाच बरी वाटते. सगळं हाताखालून जातं.

शिक्षण काय लागतं?

बीकॉम असेल तर बरं, बीए असलात तरी चालतं. एक्सेल आलं पाहिजे आणि फोनवर न चिडता बोलता आलं पाहिजे. विम्याच्या बाजूला मात्र नियम आहे. विमा नियामकाने २०१७ साली डीलरांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांनुसार शोरूमला मोटर इन्शुरन्स सर्व्हिस प्रोव्हायडर म्हणून नेमणूक घ्यावी लागते आणि विमा विकणाऱ्या माणसाला प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते. रुजू होताना 'माझी परीक्षा कधी?' असं विचारा. 'ते बघू नंतर' असं उत्तर आलं तर ते शोरूम कागदाच्या बाबतीत ढिलं आहे असं समजा.

अहिराणी किंवा लेवा बोली येत असेल तर ती लाजून लपवू नका. 'भाऊ, हप्ता कितला?' असं विचारणाऱ्या माणसाला त्याच्याच बोलीत उत्तर मिळालं की तो खरं उत्पन्न सांगतो. ते खरं कळल्याशिवाय फाइल बसत नाही.

पगार किती?

आकडा सांगत नाही, कारण ब्रँड, गाव आणि मालक बदलला की तो बदलतो. रचना मात्र सगळीकडे सारखीच आहे: थोडा ठरलेला पगार आणि त्यावर इन्सेंटिव्ह. इन्सेंटिव्ह कशावर, ते नेमणुकीआधी लेखी घ्या. महिन्याच्या विक्रीतल्या किती गाड्या शोरूममधून फायनान्स झाल्या, किती विमे शोरूममधून गेले, किती नूतनीकरणं झाली आणि बँकांकडून डीलरला किती पेआउट आला, या चार आकड्यांभोवती सगळं फिरतं. पेआउट म्हणजे फाइल आणून दिल्याबद्दल बँक डीलरला देते ती रक्कम.

गिऱ्हाईक विचारतं, 'बँक तुम्हाला काय देते?' काय सांगायचं?

खरं सांगायचं. 'हो, बँक डीलरला पैसे देते' एवढं वाक्य पुरतं, आणि त्याने आजवर एकही फाइल तुटलेली मी पाहिलेली नाही. फाइल तुटते ती दर लपवल्यावर. तोच माणूस संध्याकाळी गावातल्या पतपेढीच्या मॅनेजरला कागद दाखवतो, त्याने बोट ठेवलं की तुमचं नाव पारावर जातं. रावेर-यावल पट्ट्यात एका भावकीत दहा गाड्या असतात. एक गेली की बाकीच्याही जातात.

आता कागदावर लपवायला तशी जागाही राहिलेली नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जाला 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावंच लागतं, आणि त्यात प्रोसेसिंग फी वगैरे धरून वर्षाचा एकूण खर्च टक्क्यांत लिहिलेला असतो. हा कागद गिऱ्हाइकाच्या हातात स्वतःहून ठेवा.

फ्लॅट रेट आणि रिड्यूसिंग रेट, घोळ काय आहे?

हा घोळ तुम्हाला झोपेत विचारला तरी सोडवता आला पाहिजे. फ्लॅट म्हणजे मूळ रकमेवर शेवटपर्यंत तेवढंच व्याज. पाच लाख, सात टक्के फ्लॅट, पाच वर्षं: व्याज १,७५,००० रुपये, हप्ता ११,२५०. ऐकायला सात टक्के गोड लागतात. पण गिऱ्हाईक दर महिन्याला मुद्दल फेडत असतं, म्हणून हाच हप्ता उरलेल्या मुद्दलावर, म्हणजे रिड्यूसिंगने, मोजला तर दर साडेबारा टक्क्यांच्या आसपास निघतो. बँकेचा साडेनऊ टक्के रिड्यूसिंग आणि कुणाचा तरी सात टक्के फ्लॅट शेजारी ठेवले, तर साडेनऊवालाच स्वस्त आहे. जुन्या गाड्यांच्या कर्जात फ्लॅटची भाषा अजून चालते.

शेतकरी गिऱ्हाइकाचं उत्पन्न कसं दाखवायचं? त्याच्याकडे तर आयटीआरच नसतो.

इथेच खरा कस लागतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे अनेकांनी कधी रिटर्न भरलेलाच नसतो. भुसावळच्या रेल्वेवाल्याची, दीपनगरच्या वीज केंद्रातल्या किंवा वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतल्या माणसाची फाइल पगाराची स्लिप आणि फॉर्म १६ वर पुढे सरकते. तिथे कुणाचीच अक्कल लागत नाही. वीस एकर केळी असलेल्या माणसाची फाइल मात्र नवख्याच्या हातात पडली की तीन दिवस टेबलावर पडून राहते.

सातबारा आणि आठ-अ तर लागतातच, पण ते फक्त जमीन दाखवतात, पैसा दाखवत नाहीत. पैसा दिसतो केळीच्या व्यापाऱ्याच्या पट्ट्यांत (विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या), जिनिंगच्या पावत्यांत, दूध संघाच्या बिलांत. कापूस महामंडळाच्या केंद्रावर घातला असेल तर रक्कम थेट बँक खात्यात आलेली असते. तो सगळ्यात पक्का पुरावा. म्हणून पहिला प्रश्न 'उत्पन्न किती?' असा विचारू नका. 'पट्टीचे पैसे कुठल्या खात्यात येतात?' असं विचारा. बऱ्याचदा गिऱ्हाईक पगारदार मुलाच्या खात्याचं स्टेटमेंट घेऊन येतं आणि खरा व्यवहार जिल्हा बँकेच्या किंवा गावातल्या दुसऱ्याच खात्यात असतो.

सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत तेही बघा. वडील, दोन काका आणि आत्या एकत्र असतील तर बँक त्या वीस एकरांतला या माणसाचा वाटा धरते. जमीन वडिलांच्या नावावर आणि गाडी मुलाच्या नावावर हवी असेल तर वडिलांना सहकर्जदार करा, फाइल लगेच हलकी होते.

आता हप्त्याचं. काही बँका आणि फायनान्स कंपन्या शेतकऱ्याला सहामाही हप्ता देतात. कापूसवाल्याला तो बरा पडतो, कारण त्याचा पैसा दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत येतो आणि जून-जुलैत घर बियाणं-खतावर रिकामं झालेलं असतं. केळीवाल्याची लागवड टप्प्याटप्प्याने असेल तर मासिक हप्ताही झेपतो. पण एप्रिल-मेच्या वादळी वाऱ्यात बाग आडवी झाली की वर्षाचं गणित कोलमडतं. म्हणून केळीवाल्याचा हप्ता त्याच्या सगळ्यात वाईट महिन्यावरून ठरवावा. चांगल्या भावाच्या महिन्यावर ठरवलेला हप्ता पुढच्या वर्षी बाउन्स होतो, आणि बँकेचा माणूस तुम्हालाच फोन करतो.

मुदतीआधी मोठी रक्कम भरायची असेल तर काय, हे सँक्शन लेटर, म्हणजे कर्जमंजुरीचं पत्र, वाचून आधीच सांगा. फ्लोटिंग, म्हणजे मध्ये बदलू शकणाऱ्या, दराच्या वैयक्तिक कर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही. खासगी बँका आणि फायनान्स कंपन्यांची कार लोन मात्र बहुधा फिक्स्ड, म्हणजे शेवटपर्यंत ठरलेल्या, दराची असतात, तिथे दंड असतो, आणि अर्धवट रक्कम वर्षातून किती वेळा भरता येईल यालाही अटी असतात.

सिबिल खराब निघालं तर?

आधी कारण शोधा. सिबिल म्हणजे माणूस कर्ज कसं फेडतो याचा स्कोअर. तो ३०० ते ९०० मध्ये असतो आणि कधीच कर्ज न घेतलेल्याचा स्कोअरच नसतो. तो वाईट नव्हे, कोरा माणूस आहे. सहकर्जदार आणि थोडं जास्त डाउन पेमेंट यावर त्याचं काम होतं.

आपल्याकडे वारंवार दिसणारी तीन कारणं: कर्जमाफी येईल म्हणून थांबवलेलं पीककर्ज, चुलत्याच्या ट्रॅक्टरला दिलेली जामीनकी, आणि मोबाइलच्या हप्त्यातले शेवटचे सहाशे-सातशे रुपये. तिसरं कारण गिऱ्हाइकाला पटतच नाही, रिपोर्ट दाखवावा लागतो. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. बाकी भरून टाकली तर नोंद सुधारायला आता पूर्वीइतका वेळ लागत नाही, कारण १ जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती निदान दर पंधरवड्याला पाठवावी लागते. एक सावधगिरी: तडजोडीने मिटवलेलं कर्ज 'सेटल्ड' दिसतं, आणि बँकेच्या लेखी ते 'क्लोज्ड' नसतं. मिटवण्याआधी गिऱ्हाइकाला हे सांगा.

आणि एकाच दिवशी पाच बँकांत लॉगिन टाकू नका, म्हणजे कर्जाचा अर्ज नोंदवू नका. प्रत्येक चौकशीची नोंद रिपोर्टवर उमटते.

'भाऊच्या नावावर काढू, हप्ते मी भरतो.' करायचं का?

नाही. बँकेला माहिती देऊन सख्ख्या भावाला सहकर्जदार करणं वेगळं, आणि गाडी एकाची, कर्ज भलत्याच्याच नावावर हे वेगळं. तसंच पगाराची स्लिप 'बनवून' देणारे लोक प्रत्येक गावात सापडतात, त्यांना शोरूमच्या दारात उभं करू नका. हा गुन्हा आहे. शिवाय एक बनावट फाइल पकडली गेली की ती बँक त्या शोरूमच्या पुढच्या सगळ्या फायली भिंगातून बघते, आणि चांगल्या गिऱ्हाइकाचंही सँक्शन लांबतं. टीम लीडर महिनाअखेरीला दबाव टाकेल. सही तुमची असते, त्याची नाही.

पिशवीत रोख घेऊन आलेल्याचं काय करायचं?

पाणी द्या, चहा द्या आणि त्याला बँकेत पाठवा. एका व्यवहारापोटी एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे, आणि दंड घेणाऱ्यावर, म्हणजे शोरूमवर, घेतलेल्या रकमेइतका बसू शकतो. 'आज दीड, उद्या दीड' ही युक्ती चालत नाही, व्यवहार एकच धरला जातो. दहा लाखांच्या वरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर, घ्यावा लागतो. तो गिऱ्हाइकाच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरून वळता करता किंवा परत मिळवता येतो. हे न सांगितल्यास 'आणखी दहा हजार कशाचे?' यावरून भांडण ठरलेलं.

फाइल सुरू झाल्यापासून गाडी जाईपर्यंत काय काय होतं?

लॉगिन, सिबिल, बँकेच्या माणसाची घर आणि धंद्याची पाहणी, सँक्शन, करारावर सह्या, हप्त्यासाठी खात्याचं नॅच (खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी), डाउन पेमेंट, मग बँकेचा डिलिव्हरी ऑर्डर (गाडी द्यायला हरकत नाही असं पत्र), बिल, विमा, आरटीओ कर आणि नोंदणी, शेवटी डिस्बर्समेंट, म्हणजे बँकेचे पैसे डीलरच्या खात्यात. खेड्यातली पाहणी लांबते, कारण पत्ता 'मारुतीच्या देवळामागे' एवढाच असतो आणि गिऱ्हाईक दिवसा शेतात. पाहणीवाल्याला गिऱ्हाइकाचा फोन नंबर आणि वेळ आधीच देऊन ठेवा. कर्ज असल्याने बँकेचं नाव आरसीवर चढतं, त्यासाठी फॉर्म ३४ असतो. कर्ज फिटल्यावर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन बोजा उतरवायचा असतो, हे गाडी देतानाच सांगा. अनेक जण हप्ते संपले की विषय संपला समजतात आणि गाडी विकायच्या वेळी धावपळ करतात.

सुरत किंवा बऱ्हाणपूरचं कोटेशन दाखवतात. काय उत्तर द्यायचं?

नवापूर-नंदुरबारकडे सुरतचं, रावेरकडे बऱ्हाणपूरचं कोटेशन नेहमीचं. रागावू नका, एक्स-शोरूम आणि आरटीओ वेगवेगळे करून दाखवा. महाराष्ट्रात राहणाऱ्याला गाडी इथेच नोंदवायची आहे, म्हणजे कर इथलाच. दहा लाखांपर्यंतच्या वैयक्तिक गाडीला पेट्रोलवर ११ आणि डिझेलवर १३ टक्के. तुलना मग सवलत आणि व्याजापुरतीच उरते. तिकडचं खरंच स्वस्त पडत असेल तर तसं मान्य करा.

विमा शोरूममधूनच घ्यावा लागतो का?

नाही, आणि 'घ्यावा लागतो' असं तुम्ही म्हणूही नये. नियामकाचे नियम सक्तीला मनाई करतात. 'बाहेरच्या पॉलिसीला कॅशलेस मिळत नाही' हेही सरसकट खोटं आहे. कॅशलेस हे विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातल्या करारावर ठरतं. शोरूमच्या विम्याचा खरा फायदा वेगळा: क्लेमच्या दिवशी विचारायला ओळखीचा माणूस असतो. तो फायदा तुम्ही खरोखर देत असाल तरच विका.

रचना तोंडपाठ हवी. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा झाला. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या कारला तीन वर्षांचे १०,६४० रुपये आहेत, त्यावर जीएसटी. हा दर सगळ्या कंपन्यांचा सारखा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग एका वर्षाचा असतो आणि घासाघीस तिथेच होते. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा आधीच दुसरीकडे असेल तर पुन्हा घेण्याची गरज नाही. जुनी गाडी विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सवलत, नव्या गाडीवर आणता येतो, २० ते ५० टक्क्यांपर्यंत. बरेच शोरूम हे विचारतच नाहीत. तुम्ही विचारा. पाच मिनिटांत माणूस कायमचा तुमचा होतो.

कोणती ॲड-ऑन, म्हणजे जादा पैशांची वरची कव्हर, सांगावीत?

झिरो डेप्रिसिएशन, म्हणजे भागांचा घसारा न कापणारं कव्हर, नव्या गाडीला घ्याच असं सांगतो मी. नाहीतर बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागांचे निम्मे पैसे खिशातून जातात. इंजिन प्रोटेक्ट रेल्वेच्या बोगद्यांखालून रोज जाणाऱ्याला सांगा. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली आणि चावी पुन्हा फिरवली की इंजिनचा खर्च साध्या पॉलिसीत बहुधा नाकारतात.

रिटर्न टू इन्व्हॉइस, म्हणजे गाडी पूर्ण गेल्यास बिलाइतकी रक्कम देणारं कव्हर, मात्र सगळ्यांना नको. ते कुणाला हवं ते आकड्याने सांगतो. गाडी दहा लाखांची, कर्जही दहा लाख, साडेनऊ टक्के, सात वर्षं. दोन वर्षं नियमित हप्ते भरल्यावर अजून सुमारे ७ लाख ७८ हजार देणं उरतं. पॉलिसीतली गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, नेहमीच्या घसाऱ्याने तोवर सात लाखांवर आलेली असते. त्या वेळी गाडी पूर्ण निकामी झाली किंवा चोरीला गेली, तर विम्याचा पैसा आधी बँकेकडे जातो आणि वर ७८ हजार घरून भरायचे. सात वर्षांचं जवळजवळ पूर्ण कर्ज घेणाऱ्याने हे कव्हर मिळेल तितकी वर्षं घ्यावं. निम्मी रक्कम रोख भरणाऱ्याला ते विकू नका.

वर्षातले कुठले महिने जड जातात?

पाडवा, आखाजी (अक्षय्य तृतीया), दसरा, धनत्रयोदशी. मुहूर्ताच्या दिवशी सगळ्यांना सकाळी अकराच्या आत गाडी हवी असते आणि बँकेचा सर्व्हर तेव्हाच झोपतो. त्या फायली आठवडाभर आधी सँक्शन करून ठेवा. पितृपक्षात शोरूम ओस पडतं, तेव्हा रखडलेल्या आरसी आणि नूतनीकरणाचे फोन संपवा. २०२५ साल याला अपवाद म्हणावं असं होतं. लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला तो २२ सप्टेंबरला, नेमक्या घटस्थापनेच्या दिवशी. त्याआधी बुकिंग केलेल्यांची कोटेशनं आणि कर्जाच्या रकमा नव्याने कराव्या लागल्या. ३१ मार्चला, वर्षअखेरीच्या कामामुळे, उशीर होणार हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

मुलींसाठी हे काम कसं आहे?

चांगलं. टेबलावरचं काम आहे, आणि जोडीने आलेल्या कुटुंबातली बाई मुलगी समोर असली तर हप्त्याबद्दल मोकळं बोलते. घरखर्चाचा खरा आकडा बहुधा तिलाच माहीत असतो. महिनाअखेरीला उशीर होतो, घरी पोचवण्याची सोय आहे का ते मुलाखतीतच विचारा.

पुढे काय?

बँकेच्या वाहनकर्ज विभागात किंवा विमा कंपनीत सहज जाता येतं, कारण त्यांना जिल्ह्यातली माणसं ओळखणारा हवाच असतो. काही जण नाशिक-पुण्याच्या मोठ्या डीलरकडे जातात.

मुलाखतीत काय विचारतात?

कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून हप्ता विचारतात. एका लाखाचा आकडा पाठ असला की पुरतं. साडेनऊ टक्क्यांनी तीन वर्षांना ३,२०३, पाच वर्षांना २,१०० आणि सात वर्षांना १,६३४ रुपये. आठ लाख, पाच वर्षं म्हणजे १६,८०० हे लगेच सांगता येतं. मग हुशार मालक पुढचा प्रश्न टाकतो: 'गिऱ्हाईक म्हणतं सात वर्षं करा, हप्ता कमी होईल. काय सांगाल?' हप्ता १३,०७५ होतो, पण व्याज दोन लाख आठ हजारांवरून तीन लाखांच्या जवळ जातं. दोन्ही आकडे सांगा आणि लगेच विचारा, 'पैसा येतो कधी?' म्हणजे समोरच्याला कळतं की तुम्ही या टेबलावर आधी बसला आहात, किंवा बसायच्या लायकीचे आहात.